कपिलधारला सहकुटुंब चाललात? मोबाइलने काय काय टिपाल, ते बघा

फिरायला गेल्यावर आपण फोटो कशाचे काढतो? धबधबा दिसला की धबधब्याचा, मंदिर दिसलं की मंदिराचा, आणि दोन्हीकडे सगळं घर रांगेत उभं करून एकेक. कपिलधारच्या धबधब्याचे फोटो नेटवर ढिगाने पडलेत. तुमची आजी डब्यातला धपाटा मोडून सगळ्यांना वाटतेय, हा फोटो मात्र तुम्ही काढला तरच असेल.

आमची ठरलेली एक दिवसाची सहल सांगतो. सकाळी बीड शहरातलं कंकालेश्वर, मग मांजरसुंब्याला चहा नाहीतर रबडी, आणि दुपारच्या आत कपिलधार. बीडपासून कपिलधार साधारण २० किलोमीटर. तिथे मन्मथ स्वामींची समाधी आहे आणि पावसाळ्यात धबधबा. वाटेत वेळ असेल तर निजामशाहीच्या काळातली, १६व्या शतकातली खजाना विहीरही बघून घ्या.

सकाळ आणि पाणी

कंकालेश्वरचं देऊळ कुंडाच्या मधोमध उभं आहे. कुंड भरलेलं आणि वारा पडलेला असेल तर पाण्यात अख्खं देऊळ दिसतं. अशा वेळी फोन उलटा करा, म्हणजे कॅमेऱ्याची भिंगं खाली येतील, आणि फोन जमेल तितका पाण्याजवळ न्या. प्रतिबिंब एकदम मोठं होतं. पण मला विचाराल तर त्याहून भारी फोटो काठावर असतो. काकांच्या चपला, पायऱ्यांवर टेकलेली मावशी, पाण्यात वाकून बघणारं लहान पोरगं.

अंधाऱ्या मंडपातून बाहेरच्या उजेडाकडे कॅमेरा धरला की माणसं काळी पडतात. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट टेकवा आणि शेजारी सूर्याचं चिन्ह आलं की ते वर सरकवा. बोट जरा दाबून धरलं तर बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड दोन्ही तिथेच लॉक होतात. गाभाऱ्यात फोटोला मनाई असते बहुतेक ठिकाणी, तेव्हा पाटी वाचा, पुजाऱ्यांना विचारा. दर्शनाला आलेल्या अनोळखी बायकांचे फोटो न विचारता काढायचे नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

डबा उघडल्यावर

दिवसातले सगळ्यात चांगले फोटो इथेच मिळतात. दुपारचं ऊन डोक्यावर असतं, त्यामुळे डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. म्हणून जेवायला झाडाखाली बसलेलं बरं. दाट सावलीत उजेड मऊ आणि सारखा येतो. पानांतून कवडसे चेहऱ्यावर पडत असतील तर थोडं सरकून बसायला सांगा.

आता एक सेटिंग आधी बंद करा : ब्यूटी मोड. अनेक फोनमध्ये ते घेतल्यापासूनच चालू असतं, खासकरून सेल्फी कॅमेऱ्यात. ते त्वचेवरचं जे जे बारीक, ते सगळं डाग समजून पुसतं आणि रंगही उजळवतं. आजीच्या कपाळावरचं गोंदण अशाने फिकं होतं, सुरकुत्या जातात, आणि स्क्रीनवर भलतीच कुणी बाई दिसते. पोर्ट्रेट मोडचंही तसंच. मागचं धूसर करताना डोक्यावरच्या पदराची कड तो बऱ्याचदा खाऊन टाकतो. त्यापेक्षा साधा फोटो मोड ठेवा, दोन पावलं पुढे जा, आणि झूम नको. दुसरं भिंग नसेल तर बोटांनी केलेला झूम म्हणजे नुसती कापाकापी.

हे इतकं लावून का धरतो, सांगतो. आपल्या गावाकडे माणूस गेलं की भिंतीवर लावायला फोटो शोधतात. चांगला सापडत नाही, मग आधार कार्डावरचा नाहीतर कुणाच्या लग्नातल्या गर्दीतला चेहरा कापून मोठा करतात. हसणारी, बोलणारी आजी कुणाच्याच फोनमध्ये नसते, कारण "ए आजी, इकडे बघ" म्हटलं की ती पदर सावरून ताठ बसते. तेव्हा बोलावूच नका. ती चटणी वाढत असताना, कुणाला तरी रागवत असताना बर्स्ट मोडने दहा-बारा फोटो घ्या. आयफोनवर शटरचं बटण डावीकडे ओढायचं. अँड्रॉइडवर कंपनीप्रमाणे दाबून धरायचं किंवा खाली ओढायचं. त्यातला एक ठेवा, बाकीचे तिथेच उडवा.

आणि आई? ती वाढण्यात असते, नाहीतर फोटो काढण्यात. फोन डब्याला टेकवून १० सेकंदांचा टायमर लावा. काही फोनना तळहात दाखवला तरी फोटो निघतो.

धबधबा, थोडक्यात

पाणी दुधासारखं दिसायला हवं असेल तर आयफोनवर लाइव्ह फोटो काढून नंतर 'लाँग एक्स्पोजर' निवडा. अँड्रॉइडच्या प्रो मोडमध्ये आयएसओ सगळ्यात कमी आणि शटर १/१५ सेकंदाच्या आसपास ठेवून बघा, फोन दगडावर टेकवून. भर उन्हात मात्र फोटो पांढरा पडेल, कारण फोनच्या भिंगाचं छिद्र सहसा लहान-मोठं होत नाही. ढग येण्याची वाट बघा. शेवाळलेल्या दगडांवर सेल्फीसाठी चढू नका. घसरलात तर धरायला काही नसतं.

घरी आल्यावर

फॅमिली ग्रुपवर टाकलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅप लहान करतं. साध्या पद्धतीने पाठवल्यावर लांब बाजू साधारण १६०० पिक्सेल उरते. ४ बाय ६ इंचांच्या प्रिंटला ते चालतं. ८ बाय १२च्या तसबिरीला नीट प्रिंटसाठी ३६०० पिक्सेल लागतात. म्हणून आजीचा तो एक फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फक्त लक्षात ठेवा, डॉक्युमेंटसोबत फोटो कुठे काढला ते ठिकाणही जाऊ शकतं. घरच्यांना पाठवायला हरकत नाही, अनोळखी ग्रुपवर नको.

गूगलची १५ जीबी जागा फोटो, जीमेल आणि ड्राइव्ह मिळून आहे, आणि १ जून २०२१पासून चढवलेले कमी दर्जाचे फोटोही त्यात मोजले जातात. एक फोटो ४ एमबीचा धरला तर साधारण पावणेचार हजार फोटोंत ती संपते. गुड मॉर्निंगचे फोटो आधी उडवा, आणि आजीच्या फोटोची प्रिंट याच आठवड्यात काढून आणा.