कोण बोलतंय?

‘१९४१, सदाशिव पेठ, माडीवाले कॉलनी, पुणे ४११०३०’ हा मेहता पब्लिशिंग हाऊसचा पत्ता मराठी वाचकाने पुस्तकाच्या आरंभीच्या पानावर अनेकदा पाहिलेला असतो. त्यातले १९४१ हे साल नसून घराचा क्रमांक आहे, हे बाहेरगावच्या वाचकाला जरा उशिरा उमगते. लँडलाइनचा क्रमांकही पत्त्यासारखाच वाचावा लागतो. ०२० (त्यापूर्वी ०२१२) म्हणजे शहर. पुढचे २४४७ यांसारखे आकडे म्हणजे एक्स्चेंज. उरलेले चार म्हणजे त्या एक्स्चेंजमधून निघालेली तारांची एक जोडी. माणूस यात कोठेच नाही. फोन करणाऱ्याला ओळखण्याच्या खटपटीचा सारा इतिहास या उणिवेभोवती फिरतो.

२८ जानेवारी १८८२ रोजी मुंबई, कोलकाता आणि मद्रास येथे एक्स्चेंजेस सुरू झाली, तेव्हा ओळखण्याचे काम माणसाकडे होते. कोणत्या तारेवरून मागणी आली, हे ऑपरेटरला समोरच्या फळीवर दिसे. आवाज परिचयाचा असला तर नावही कळे. अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या आल्मन स्ट्रोजर या अंत्यविधी-व्यावसायिकाने १८९१ साली स्वयंचलित एक्स्चेंजचे पेटंट मिळवले. ऑपरेटर आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा त्याला संशय होता म्हणतात. ऑपरेटर गेली, आणि तिच्याबरोबर यंत्रणेची स्मृतीही गेली. स्ट्रोजरच्या पद्धतीत फिरवलेला प्रत्येक आकडा एक स्विच सरकवतो आणि तेथेच खर्ची पडतो. पलीकडच्या टोकाला घंटा तेवढी वाजते. ती कोणी वाजवली याची नोंद तेथे पोचत नाही. फोन करणाऱ्याच्या स्वतःच्या एक्स्चेंजमध्ये त्याच्या नावे एक मीटर मात्र पुढे सरकतो. म्हणजे पैसे कोणाकडून घ्यायचे हे टेलिफोन खात्याला ठाऊक असे. कोण छळतो आहे हे ज्याला फोन आला त्याला कळत नसे. त्रास देणारा फोन शोधायचा तर जोडणी तुटू न देता तंत्रज्ञाने रॅकमागून रॅक, एकेक स्विच उलट तपासत जायचे. मध्येच जोडणी सुटली की माग संपला.

रहस्यकथांतील आणि नाटकांतील निनावी फोन या विस्मरणावर उभा आहे. नायिका थरथरत रिसीव्हर ठेवते, कारण स्विच सरकून मोकळे झालेले असतात. मला मात्र त्याहून मनोरंजक वाटतात ते ओळखपत्रांवरचे ‘पी.पी.’ फोन. हा क्रमांक आमचा नाही, शेजाऱ्यांचा आहे. बोलावून देतील, एवढा त्याचा अर्थ. वाड्यात एकच फोन, मालकांकडे. वरच्या मजल्याकडे तोंड करून ‘अहो, तुमचा फोन!’ अशी हाक गेली की बिऱ्हाडकरू जिना उतरून येत. अशा वाड्यातून गेलेल्या फोनची तार ओळखता आली असती, तरी त्यावरून मालकांचेच नाव निघाले असते.

भारतात १९८४ साली सी-डॉटची स्थापना झाली आणि पुढे संगणकनियंत्रित एक्स्चेंजेस पसरली. ती पूर्ण क्रमांक लक्षात ठेवतात. ‘सिग्नलिंग सिस्टिम नंबर ७’ या पद्धतीत आवाजाची वाट जुळण्यापूर्वीच एक संदेश वेगळ्या मार्गाने पुढे जातो. कोणाला बोलवायचे आणि कोणत्या क्रमांकावरून, हे दोन्ही त्यात असते. शेवटचा टप्पा घरच्या तारेचा. अमेरिकेत पहिल्या आणि दुसऱ्या घंटेच्या मधल्या शांततेत तो क्रमांक पाठवला जाई. आपल्याकडे अनेक एक्स्चेंजेस बटणे दाबल्यावर उमटतात तशा स्वरांत तो पाठवीत, आणि फोनशेजारची लहानशी पेटी ते वाचून दाखवी. या संदेशात ‘क्रमांक दाखवू नये’ अशीही खूण करता येते. तेव्हाही क्रमांक प्रवास करतोच, फक्त शेवटचे एक्स्चेंज तो झाकून ठेवते. अनामिकता ही पूर्वी यंत्राची मर्यादा होती. आता ती कोणीतरी दिलेली परवानगी झाली. हा फरक लहान नव्हे.

शिवाय हा क्रमांक म्हणजे आरंभीच्या एक्स्चेंजचे निवेदन असते, आणि पुढच्यांनी त्यावर विश्वास ठेवायचा असतो. मोजक्याच कंपन्या होत्या तोवर ते निभले. इंटरनेटवरून फोन होऊ लागल्यावर परदेशातील भामटाही भारतीय क्रमांक लावून घेऊ शकला. असे फोन अडवणारी यंत्रणा केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४मध्ये सुरू केली, तेव्हा ‘डिजिटल अटके’च्या धाकाने अनेकांची आयुष्यभराची पुंजी गेलेली होती. म्हाताऱ्या माणसाने पडद्यावरच्या आकड्यांवर विश्वास ठेवला, यात त्याचे काय चुकले?

क्रमांक पुरेसा नाही म्हटल्यावर नावाची मागणी आली. २००९ साली स्वीडनमध्ये निघालेले ट्रूकॉलर बरेचसे इतर लोकांनी सुचवलेल्या नावांवर चालते. स्वतःला काय म्हणवून घ्यावे हे तेथे लोकच ठरवतात. फेब्रुवारी २०२४मध्ये ट्रायने वेगळी शिफारस केली: ग्राहकाने जोडणीच्या अर्जात दिलेले नाव फोन घेणाऱ्याला दिसावे. फसवणुकीला त्याने थोडा आळा बसेलही. पण घरातल्या सगळ्यांची सिमकार्डे एकाच्या नावे घेण्याची आपल्याकडची रीत जुनी आहे. तेथे मुलगी फोन करील, आणि पडद्यावर वडिलांचे नाव उमटेल.