ऐंशी नावं, पाच जाती: लुईझियानाचे आयरिस आणि बागेतलं दप्तर

आर किंवा पायथॉन शिकताना तुम्हाला 150 आयरिस फुलांची ती सारणी नक्की भेटली असेल. तीन जाती, प्रत्येकी 50 फुलं. फिशर यांच्या 1936 च्या लेखामुळे ती गाजली, पण मोजमापं होती एडगर अँडरसन या वनस्पतिशास्त्रज्ञाची. त्या सारणीत ‘जात’ हा रकाना आधीच भरलेला असतो, आपण तो निमूटपणे वापरतो. आज मी लिहितोय ते अशा आयरिसबद्दल, जिथे हा रकाना कसा भरायचा हाच वाद होता: अमेरिकेतल्या लुईझियाना राज्याच्या दलदलीतले रानटी आयरिस.

हे फुलतात मार्च-एप्रिलमध्ये, आणि एकेक फूल टिकतं जेमतेम दोन-चार दिवस. निळी, जांभळी, विटकरी, मधूनच पिवळी. हा छोटा बहरच संशोधकाची पंचाईत करतो. आयरिसची पाकळी इतकी नाजूक की कागदात दाबून वाळवली की आकार बिघडतो आणि रंग उडतो. म्हणजे हर्बेरियममधला नमुना इथे फारसा कामाचा नाही. फूल ताजं असतानाच पाहायचं, नाहीतर पुढच्या वसंतापर्यंत थांबायचं.

न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनच्या जॉन कंकेल स्मॉल यांनी यावर सरळ उपाय काढला. 1920 च्या दशकात त्यांनी दलदलीतून कंद खणले, न्यूयॉर्कला नेऊन लावले, फुलल्यावर वर्णनं लिहिली, चित्रं काढून घेतली. 1931 मध्ये त्यांनी आणि अलेक्झांडर यांनी मिळून ही सगळी मांडणी प्रसिद्ध केली. नव्या जातींची संख्या ऐंशीच्या आसपास गेली! स्मॉलना हसण्याआधी एक लक्षात घ्या. फ्लोरिडातला निसर्ग कसा उजाड होतोय यावर 1929 मध्ये अख्खं पुस्तक लिहिणारा हा माणूस. न्यू ऑर्लिन्सभोवतीची दलदल उपसून तिथे वस्ती उभी राहत होती. जे दिसतंय त्याला नाव देऊन ठेवावं, ही घाई मला तरी समजते.

न्यू ऑर्लिन्सचेच पर्सी व्हिओस्का यांनी 1935 मध्ये वेगळी बाजू मांडली. खऱ्या जाती मोजक्याच, बाकीचे बहुतेक त्यांच्यातले संकर, असं त्यांचं म्हणणं. ते तिथलेच राहणारे असल्याने फुलांबरोबर त्यांना जागाही दिसत होती: कुठे जंगल तोडलंय, कुठे चर खणलाय, कुठे गुरं चरतायत. 1938 मध्ये हर्बर्ट रायली यांनी विटकरी फुलांची फुल्वा, निळ्या फुलांची जायगँटिसेरुलिया आणि त्यांच्या मिश्र वसाहती घेतल्या आणि झाडागणिक सात गुणधर्म तपासून गुण दिले. मिश्र वसाहतीत दोन्ही टोकांच्या मधल्या पायऱ्या सापडल्या. अँडरसननी 1949 च्या आपल्या पुस्तकात हेच उदाहरण वापरलं. माणसाने जागेची मोडतोड केली की संकरांना तिथे थारा मिळतो, हा त्यातला मुद्दा. आज या गटात साधारण पाच जाती मानतात.

इथपर्यंतची गोष्ट पाठ्यपुस्तकात मिळेल. मला जास्त रस आहे तो बागवाल्यांमध्ये. लाफायेतच्या मेरी डबेयाँ यांनी दलदलीतून झाडं आणून मोठा संग्रह केला. 1940 मध्ये त्या वारल्या आणि संग्रह कॅरोलाइन डॉर्मन यांच्याकडे गेला. पुढच्या वर्षी डबेयाँ यांच्याच नावाने आयरिसप्रेमींची संस्था निघाली. आयरिसचा कंद उन्हाळा सरताना फोडून लावतात. फोडलेला तुकडा म्हणजे तेच झाड, बीसारखी त्यात नवी सरमिसळ नाही. त्यामुळे 1930 च्या दशकात खणलेलं एखादं झाड आजही कुणाच्या तरी ओल्या वाफ्यात जसंच्या तसं उभं असू शकतं, त्याची मूळ जागा कधीच इमारतींखाली गेली असली तरी.

म्हणून मी या बागांना दप्तर म्हणतो. पण दप्तर म्हटलं की प्रश्न येतोच: यात काय आलं आणि काय राहिलं? पेशवे दप्तर चाळताना आपण हेच विचारतो ना? जिथे वतनाचं भांडण झालं तिथले कागद मिळतात, सुखाने नांदलेल्या गावाचे मिळत नाहीत. चिखलात उतरून कंद खणणारा साधं निळं फूल कशाला उचलेल? ती तर हजारोंनी होती. तो उचलणार वेगळा रंग, मोठी पाकळी. म्हणजे बागेत टिकले ते बरेचसे अपवाद. बाग पाहून दलदलीचा अंदाज बांधायला गेलात तर संकर होते त्यापेक्षा जास्त दिसणार.

उलट उदाहरणही सांगतो. 1930 च्या दशकाच्या अखेरीस मॅकमिलन नावाच्या हौशी माणसाला अ‍ॅबेव्हिल गावाजवळ मोठ्या लाल फुलांचे आयरिस सापडले. ‘अ‍ॅबेव्हिल रेड’ म्हणून ते बागांमध्ये पसरले, त्यांच्यापासून नवे वाणही तयार झाले. शास्त्रीय नाव मिळालं थेट 1966 मध्ये: आयरिस नेल्सोनाय, तेही लाफायेतच्याच उद्यानशास्त्रज्ञ आयरा नेल्सन यांच्यावरून. 1993 मध्ये आर्नल्ड यांच्या जनुकीय अभ्यासाने ही जात तीन जातींच्या संकरातून आल्याचं दाखवलं. संकर आहे आणि जातही आहे. स्मॉल आणि व्हिओस्का यांच्यापैकी कुणाच्याच रकान्यात ती नीट बसली नसती.