कराची ते जुहू : अंतर, वेळ आणि मजल

विमानाचे अंतर म्हणजे दोन ठिकाणांना सांधणारी सरळ रेषा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. कराचीचे द्रिघ रोड आणि मुंबईचे जुहू या दोन विमानतळांमधील टपालमार्गाचा इतिहास पाहू गेल्यास ही समजूत टिकत नाही.

१९२९ पासून लंडनचे हवाई टपाल इंपीरियल एअरवेजच्या विमानांनी कराचीपर्यंत येऊ लागले होते. पुढे मुंबईस यावयाचे, तर रेल्वेचा मार्ग हैदराबाद (सिंध), मारवाड व अहमदाबाद असा दूरच्या वळशाचा होता. वस्तुतः ही दोन्ही शहरे तेव्हा एकाच मुंबई इलाख्यात मोडत. सिंध वेगळा झाला तो १९३६ मध्ये. कराचीतील एका जुन्या सरकारी शाळेस नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचे नाव आहे, ते या संबंधाचेच चिन्ह होय.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास जे. आर. डी. टाटा यांनी एक इंजिनाच्या पुस मॉथ विमानातून टपाल घेऊन द्रिघ रोड सोडले, आणि दुपारी दोनच्या आत ते जुहूस उतरले. कराची-जुहू सरळ अंतर सुमारे ८७० किलोमीटर भरते. परंतु विमान अहमदाबादेवरून आले. तेथवर सुमारे ५९०, आणि तेथून जुहूपर्यंत ४४०. म्हणजे दीडशेहून अधिक किलोमीटर जास्त. अहमदाबादेस टपालाची देवघेव होई व इंधन भरले जाई. हे इंधन धावपट्टीवर आले ते बैलगाडीतून! सव्वासात तासांच्या त्या प्रवासाचा हिशेब करताना बैलांची चालही त्यात धरावी लागते. विमानात रेडिओ नव्हता. खालच्या खुणा ओळखीतच वैमानिकास मार्ग काढावा लागे.

मराठीत अशा अंतरास नेमका शब्द आहे, तो मजल. मूळ अरबी शब्द 'मंझिल'. त्यातील धातूचा अर्थ खाली येणे, उतरणे. जेथे वाहनावरून उतरावयाचे ती जागा मंझिल. मराठीत मात्र उतरण्याच्या जागेवरून शब्द सरकला तो दोन मुक्कामांमधील वाटचालीवर, आणि 'मजल दरमजल' हा प्रयोग रूढ झाला. कोस मोजता येतो. मजल ऋतू, वाहन व मुक्काम यांवर ठरते. टाटांचा मार्ग या अर्थाने मजलांचाच होता. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा विमाने पुण्यास येरवड्याच्या तुरुंगानजीकच्या मैदानावर उतरत. त्यामुळे अहमदाबादेपासूनची दुसरी मजल सुमारे पाऊणशे किलोमीटरांनी लांबे. नकाशावरील शहरे जागच्या जागीच असत.

१५ ऑक्टोबर १९६२ रोजी टाटांनी हाच प्रवास लेपर्ड मॉथ विमानातून पुन्हा केला. दरम्यान १९४७ ची फाळणी झाली होती, आणि पूर्वी एका इलाख्यातील असलेली ही फेरी आता दोन राष्ट्रांमधील ठरली होती. पुढे प्रवासी जेट विमानांनी हे अंतर दीड-दोन तासांवर आणले. आज मात्र या दोन शहरांदरम्यान थेट विमानसेवा नाही. ज्यास जाणे भागच आहे, तो दुबईसारख्या तिसऱ्या देशातील विमानतळावर उतरून जातो, आणि त्याचा प्रवास १९३२ च्या त्या सव्वासात तासांपेक्षा पुष्कळदा अधिक वेळ घेतो.