किल्ल्या ज्याच्या हाती

युनिक्स 1969 मध्ये बेल लॅब्समध्ये जन्मली. एका यंत्रावर अनेकजण काम करत. तात्पुरत्या फायलींची ‘टीएमपी’ डिरेक्टरी सर्वांना खुली असे. पण डिरेक्टरीत लिहिता येते त्याला तिथली दुसऱ्याची फाइलही पुसता येते. 1986 च्या 4.3 बीएसडीने उपाय दिला: डिरेक्टरीवर ‘स्टिकी बिट’ लावला, की फाइल तिचा मालक, डिरेक्टरीचा मालक किंवा रूट हेच काढू शकतात.

शेजाऱ्याची भीती गेली. मला जास्त बोलका वाटतो तो सफाईवाल्याचा धोका. जुन्या फायली शोधून पुसणारी आज्ञा रूटच्या अधिकाराने चाले. समजा, एखाद्याने टीएमपीत उपडिरेक्टरी करून ‘पासवर्ड’ नावाची जुनी फाइल ठेवली. आज्ञेला ती सापडली, पण पुसण्याआधीच्या क्षणी त्याने उपडिरेक्टरीच्या जागी ‘ईटीसी’कडे नेणारी सिम्बॉलिक लिंक ठेवली. मग पुसली जाई सगळ्या यंत्राची पासवर्ड फाइल! ही फट बुजवणारे ‘अनलिंकॅट’ 2008 च्या पॉझिक्समध्ये आले: जी डिरेक्टरी उघडून तपासली, तिच्यातूनच पुसायचे, नावावरून रस्ता पुन्हा शोधायचा नाही.

आपल्याकडे याला अमानत म्हणतात. चोराला कुलूप पुरते. किल्ल्या सांभाळणाऱ्याला मात्र हात घालतानाही पाहावे लागते, की वस्तू तीच आहे ना.