भट्टी, परवाना आणि प्रवासी

जामखेड तालुक्यांत पाहुण्यास दाखविण्यासारखीं स्थळें थोडीं नाहींत. ११ मार्च १७९५ रोजीं मराठ्यांनीं निजामास जेथें नमविलें तें खर्डें व तेथील किल्ला. १७२५ सालीं अहिल्याबाई होळकर यांचा जन्म जेथें झाला तें चोंडी. आणि १९७० सालीं डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें जामखेडांत सुरू केलेला ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प, जो पाहण्यास परदेशचे वैद्य व विद्यार्थीहि येतात. या यादींत दारूची भट्टी घालावी असें कोणी सुचविल्यास यजमान रागावेल, निदान हंसेल. उलट स्कॉटलंडांत जामखेडाहून लहान अशा कित्येक गांवीं पाहुण्यास मोठ्या अभिमानानें दाखवितात ती भट्टीच. २०१९ या एका वर्षांत तेथील व्हिस्कीच्या भट्ट्यांस प्रवाशांच्या वीस लाखांहून अधिक भेटी झाल्या. हा भेद केवळ नीतिकल्पनांचा आहे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. त्याच्या मुळाशीं दोन कायदे आहेत. एक १८२३ चा, दुसरा १८७८ चा.

स्कॉटलंडांत यवापासून मद्य काढण्याची चाल जुनी. १४९४ च्या सरकारी हिशेबांत जॉन कॉर नांवाच्या साधूस त्यासाठीं यव दिल्याची नोंद सांपडते. अठराव्या शतकांत करांचा बोजा वाढत गेला, तशी डोंगराळ मुलखांतील बहुतेक भट्टी चोरटी झाली. सरकारी शिपाई भट्ट्या फोडीत व गांवकरी दुसऱ्या दिवशीं त्या नव्यानें मांडीत. अखेर १८२३ च्या कायद्यानें कर निम्म्याहून कमी केला आणि वर्षास दहा पौंड भरणाऱ्यास परवाना देऊं केला. ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथनें १८२४ सालीं तो घेतला, तेव्हां शेजारचे चोरटे भट्टीवाले त्याच्या जिवावर उठले आणि त्याला कंबरेस पिस्तुलें बाळगावीं लागलीं. तरी त्याची भट्टी त्याच खोऱ्यांत राहिली. पुढें बहुतेक लहान भट्ट्या बुडाल्या, उरलेल्यांतील पुष्कळ मोठ्या भांडवलवाल्यांच्या हातीं गेल्या, हें खरें. परंतु जागा, पाणी व गांवाचें नांव यांशीं मद्याचा संबंध तुटला नाहीं. १९६९ सालीं ग्लेनफिडिकनें आपलीं दारें प्रवाशांस उघडलीं, तेव्हां दाखविण्याजोगें कांहीं तरी तेथें शिल्लक होतें.

मुंबई इलाख्यांत महसुलाची भूक तीच होती. पण ती भागविण्याची रीत उलटी. किनाऱ्यावर माडी व मोहाची दारू, देशावर गूळ आणि बाभळीची साल यांपासून काढलेली दारू, असे हे धंदे गांवोगांव विखुरलेले होते. १८७८ च्या आबकारी कायद्यानंतर चार्ल्स प्रिचर्ड याच्या देखरेखीखालीं नवी व्यवस्था बसली. गांवच्या भट्ट्या बंद करून दारू मोजक्या मोठ्या कारखान्यांत काढावी, तेथेंच तिच्यावर कर घ्यावा, आणि विक्रीचा मक्ता धनवान मक्तेदारास द्यावा, असा तिचा रोख होता. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील भंडाऱ्यांनीं माडांवरील वाढत्या कराविरुद्ध गाऱ्हाणीं केलीं. १८९२ च्या कायद्यानें तर त्याच दोन जिल्ह्यांत मोहाचीं फुलें बाळगणें व विकणें यांवरहि निर्बंध आले. जें फूल गरिबाच्या घरीं अन्न म्हणूनहि उपयोगीं पडे, तें साठविणें संशयाचें झालें. स्कॉटलंडांत कायद्यानें करणाऱ्यास कक्षेंत घेतलें. येथें करणाऱ्यास वगळून केवळ कर घेतला.

जामखेडसारख्या तालुक्यास तर आणखी एक अडचण होती. त्याच्या उत्तरेस व पूर्वेस निजामाचा मुलूख लागलेला. शेत एकीकडे, सोयरिक दुसरीकडे, आणि आबकारीचा कायदा दोहों बाजूंस निराळा. जें शिवाराच्या अलीकडे गुन्हा, त्याचा नियम पलीकडे वेगळा, अशा स्थितींत कायद्याविषयीं आदर कसा उत्पन्न व्हावा? पुढें १९४९ चा दारूबंदीचा कायदा झाला व १९५० पासून मुंबई राज्यांत सर्वत्र बंदी आली. साठीच्या दशकांत ती सैल झाली. १९७३ च्या नियमांनीं ‘देशी दारू’ परवान्यानें मिळूं लागली. पण ही देशी म्हणजे साखर कारखान्यांच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्काची बाटली. तिच्यांत ना मोह, ना बाभूळ, ना एखाद्या गांवचें पाणी. जुन्या रीतीचें जें उरलें, तें हातभट्टी या नांवानें ओढ्याच्या कडेला, काळा गूळ व नवसागर घेऊन, पोलिसांच्या भयानें घाईघाईनें उकळत राहिलें. भयानें केलेली वस्तु चांगली कशी होणार? तिनें माणसें मारलीं, तीं याच राज्यांत.

जवळच्या गोव्यांत मात्र चित्र निराळें दिसतें. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहानें मीठ व आबकारी यांची इंग्रजी पद्धत तेथेंहि शिरली होती. परंतु १८९२ त तो तह संपला. काजूचे बोंडू तुडवून, रस आंबवून, मातीच्या भाणांत उकळून आधीं हुर्राक व मग फेणी काढण्याची विद्या घराघरांतून टिकली. २००९ सालीं काजूच्या फेणीस भौगोलिक मानांकन मिळालें, आणि आज प्रवासी ती भट्टी पाहण्यास पैसे देऊन जातात. त्याच गोव्यांत कुंकळ्ळीस पॉल जॉनची यवाच्या व्हिस्कीची आसवनी पाहुण्यांस खुली आहे. बंगळूरच्या अमृतनें २००४ सालीं आपली यवाची व्हिस्की ग्लासगोच्या बाजारांत नेली, तेव्हांपासून हिंदी व्हिस्कीस जगांत नांव येऊं लागलें. एरवीं आपल्याकडे व्हिस्की म्हणून जें स्वस्तांत खपतें, त्यांतील बरेंचसें मळीच्या मद्यार्कानें सिद्ध झालेलें. युरोपांत धान्याखेरीज केलेल्या मद्यास व्हिस्की म्हणूं देत नाहींत.

मग जामखेडास भट्टी उघडून प्रवासी बोलवावे असें आमचें म्हणणें आहे काय? मुळींच नाहीं. दारूनें उद्ध्वस्त झालेलीं घरें ज्या स्त्रियांनीं सांवरलीं, त्यांच्यापुढें चवीच्या गोष्टी सांगणें निर्लज्जपणा होईल. मतदान करून गांवांतील दुकान बंद पाडण्याचा, लोकभाषेंत ‘बाटली आडवी’ करण्याचा जो अधिकार या राज्यांत स्त्रियांस मिळाला, तो आम्हांस कोणत्याहि पर्यटनाहून मोलाचा वाटतो. पण त्याबरोबरच हेंहि लक्षांत ठेविलें पाहिजे कीं, दारू पिणाऱ्याचें घर बुडत असतां तिजोरी मात्र सर्व राजवटींत भरत आली. आणि गुन्हेगार ठरला तो बहुधा भट्टी लावणारा दरिद्री, मक्ता घेणारा नव्हे. परदेशच्या भट्टींत तांब्याच्या चकचकीत भांड्यांपुढें उभे राहून कौतुक करणाऱ्या आपल्या सुशिक्षितांनीं एवढा प्रश्न अवश्य विचारावा, कीं हेंच काम आपल्या गांवीं करणारा तुरुंगांत कां गेला. त्याचें उत्तर नीतीच्या पोथींत शोधूं नये. तें आबकारीच्या जुन्या दप्तरांत मिळेल.