पनवेलला मुंबईचं अपत्य म्हणू नका

‘इंग्रजांनी मुंबई उभी केली आणि मुंबईने पनवेल,’ असं आता पनवेलकरही बोलून जातात. यातला पहिला भाग बराचसा मान्य करावा लागतो. १६६८ साली वर्षाला दहा पौंड खंडाने मिळालेल्या बेटांवर ईस्ट इंडिया कंपनीने गोद्या बांधल्या, खाड्या बुजवल्या. पण बेटावरच्या बंदराला माल हवा, आणि देशाकडची वाट हवी. ती खाडीच्या या, पनवेलच्या काठावरून बोरघाटाकडे जात होती.

बोरघाट इंग्रजांनी शोधलेला नाही. कार्ले-भाजे लेणी याच वाटेलगत, दोन हजार वर्षांपूर्वी, व्यापाऱ्यांच्याही दानातून कोरली गेली. १८३०मध्ये गव्हर्नर माल्कमच्या कारकिर्दीत घाटात गाडीरस्ता झाला. पुण्याला निघालेला मुंबईकर पडावाने पनवेल बंदरात उतरे आणि खोपोली-खंडाळ्याच्या वाटेला लागे. देशावरचे गाडीवान माल रिता करून परतताना इथल्या सुतार-लोहारांनी घडवलेली चाकांची जोडी घेऊन जात. पनवेलची चाकं नावाजलेली होती!

या राबत्यातूनच गाव समृद्ध झालं. बेने इस्राएलांचं बेथ एल सिनेगॉग १८४९चं. बोरीबंदराहून पहिली आगगाडी सुटायला तेव्हा चार वर्षं अवकाश होता. नगरपालिका १८५२ची. ती इंग्रजी कायद्याने आली, म्हणून ती सरकारची देणगी, असा आक्षेप घेतला जातो. मला तो पटत नाही. १८५०चा तो कायदा गावकऱ्यांची इच्छा असेल तिथेच लागू होत असे. स्वतःवर कर बसवून घेण्याची तयारी असलेलं गाव कुणाच्या सावलीत वाढलेलं नसतं. निवडून दिलेले नगरसेवक खुद्द मुंबईला १८७२च्या कायद्याने मिळाले. त्याच १८७२ साली पनवेलात धूतपापेश्वर हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना सुरू झाला.

मग पनवेल मागे का पडलं? रेल्वेमुळे. ती कल्याण-कर्जतवरून गेली, १८६३मध्ये बोरघाट चढली आणि पनवेलचं बंदर आडबाजूला पडलं. इथे रूळ पोहोचायला त्यानंतर सुमारे शंभर वर्षं लागली. म्हणजे वसाहतीच्या काळात महानगराने या गावाला जितकं दिलं, तितकंच त्याच्याकडून काढूनही घेतलं. आज दिसणारं परावलंबन त्या शतकातलं आहे. ते गावाच्या जन्मापासूनचं समजणं ही कालगणनेची चूक आहे.

तीच चूक नवी मुंबईबद्दल बोलताना होते. ‘ओसाड जमिनीवर वसवलेलं शहर’ हे वर्णन मी अनेकदा ऐकलं आहे. १९७०मध्ये ते वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली, तेव्हा ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या त्या जमिनीवर आगरी-कोळ्यांची भातशेती होती, मिठागरं होती, आणि पंच्याण्णव गावं नांदत होती.