१७. ‘अनसेट’चा निकाल ५

‘गिट’ ही प्रोग्रामच्या मजकुरातील बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी ती लिहिली. तिच्या सेटिंग्ज ‘कॉन्फिग’ या आज्ञेने पाहता व बदलता येतात. ‘अनसेट’ जोडले की सेटिंग काढून टाकली जाते. आज्ञा संपताना मागे एक आकडा ठेवते. ० म्हणजे काम झाले, दुसरा कोणताही आकडा म्हणजे झाले नाही. मुळात नसलेली सेटिंग काढायला सांगितली, तर गिट पडद्यावर एक अक्षरही न लिहिता ५ देते. पहिल्या अपयशाला थांबणारी स्क्रिप्ट त्यामुळे इथेच थांबते, आणि कारण कुठेच दिसत नाही. एकाच नावाच्या अनेक नोंदी सापडल्या तरी निकाल ५ असतो. मात्र तेव्हा इशारा छापला जातो. दोन वेगळ्या प्रसंगांना एकच आकडा देणे ही आमच्या मते खरी उणीव आहे.

पण स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला सेटिंग दिसत असूनही ती ‘नाही’ कशी ठरू शकते? गिट सेटिंग वाचते तेव्हा संपूर्ण संगणकाची, वापरकर्त्याची आणि चालू प्रकल्पाची अशा तिन्ही फायली पाहते. काढताना मात्र, वेगळे सांगितले नसेल तर, फक्त प्रकल्पाच्या फायलीत शोधते. वापरकर्त्याच्या फायलीतील नोंद काढायची असल्यास आज्ञेला ‘ग्लोबल’ हा पर्याय जोडावा लागतो.